नाव घातलेला डबा

चौकातल्या टपरीची फळी काल वर झाली. जर्मनीतल्या आमच्या एर्लांगेनमध्ये वसंत आला हे कॅलेंडरवरून कळत नाही. झाडांवरूनही नीटसं कळत नाही, कारण एप्रिलमध्ये इथे कधीही बर्फ पडतं आणि फुललेल्या चेरीची पुरती फजिती होते. खात्रीची बातमी देते ती श्पार्गेलची टपरी. श्पार्गेल म्हणजे मातीच्या उंच वाफ्यात, ऊन न दाखवता वाढवलेले शतावरीचे पांढरे, बोटभर जाडीचे कोंब. ते बाजारात आले की इथली शहाणीसुरती माणसं हातात टोपली घेऊन रांगेत उभी राहतात, चेहऱ्यावर आपल्याकडे हापूसच्या पहिल्या पेटीपाशी असतो तो भाव. जूनच्या अखेरीस हा हंगाम बंद. त्यानंतर शेतात कोंब असला तरी कुणी कापत नाही, त्या झाडालाही पुढच्या वर्षासाठी दम खायचा असतो म्हणे.

पहिली काही वर्षं मी याची यथेच्छ टिंगल केली. पाण्यात उकडलेल्या मुळ्यासाठी एवढं कौतुक! आता मीही रांगेत असते. काल घरी आणून सोलायला बसले. साली लांब लांब निघतात, हाताला ओल्या मातीचा, किंचित गोडसर वास राहतो. आणि तो वास नाकात गेला की दरवर्षी मला तेच एक वर्ष आठवतं. त्या वर्षी याच दिवसांत मंदार, माझा नवरा, दारू सोडत होता. सोडली होती असं मी म्हणत नाही. सोडत होता, आणि त्याला ती सुटेल की नाही हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

आपल्या डोक्यात दारू पिणारा माणूस म्हणजे कपडे फाटलेला, रस्त्याने झोकांड्या खाणारा, बायकोला मारणारा. मंदारने यातलं काही केलं नाही. तो इस्त्रीचा शर्ट घालून वेळेवर कामावर जायचा, वैद्यकीय यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहायचा, लेकीला सायकल शिकवायचा. आणि आम्ही राहतो त्या फ्रँकन प्रांतात बिअरला दारू म्हणतच नाहीत, तो जेवणाचा भाग. तळघरात बाटल्यांचा खोका असतो, जसा आपल्याकडे कांद्याबटाट्याचा. त्यामुळे जेवणाबरोबरची बाटली कधी जेवणाआधी आली, कधी दुपारी आली आणि कधी ती नसली तर हात थरथरायला लागले, हे आमच्या लक्षात यायला फार वेळ लागला. मला भीती वाटायची. लाज त्याहून जास्त वाटायची, आणि लाज जास्त वाटते याचं पुन्हा वाईट वाटायचं.

शेवटी आमच्या हाउसआर्ट्स्ट बाईंनी, म्हणजे नेहमीच्या डॉक्टरांनी, त्याला काही दिवस दवाखान्यात ठेवलं. एकदम आपल्या मनाने बंद करू नका, ते धोक्याचं असतं, हे त्यांनी दहादा बजावलं होतं. घरी सोडताना त्या म्हणाल्या, "आता एकट्याने राहू नका, मिस्टर पाटणकर. दारू सोडणाऱ्यांचा ग्रुप शोधा. आणि घराजवळचा शोधा, म्हणजे पाऊस पडत असला तरी जाल."

इतका साधा सल्ला. पण तो एका मराठी घराला दिला होता.

मी त्याच संध्याकाळी लॅपटॉप उघडला. नकाशावर ग्रुप्सच्या खुणा होत्या. एक तर आमच्या घरामागेच. मला इतका आनंद झाला की मी स्वयंपाकघरातून ओरडलेच.

"अरे, हा बघ! चर्चच्या मागे, त्यांच्या गेमाइंडेहाउसच्या हॉलमध्ये. सायकलने पाच मिनिटं."

मंदार मागे येऊन उभा राहिला. "त्याच्या शेजारच्या रस्त्यावरून आपले समोरचे कुलकर्णी रोज फिरायला जातात."

"ते ग्रुपमध्ये येत नाहीत ना?"

"रस्त्यावर तर असतात."

"बरं, मग न्युर्नबर्ग?"

"तिथे मराठी मंडळाचा हॉल आहे."

"फ्युर्थ?"

"इंडियन स्टोअर."

"गुरुवारी संध्याकाळी कोण जातंय तूरडाळ आणायला?"

"संपली की जातात," मंदार म्हणाला.

घर शोधताना आम्ही याच नकाशावर बोट फिरवत होतो. तेव्हा स्टोअर जवळ हवं, मंडळ जवळ हवं, चार आपली माणसं जवळ हवीत. आता तेच बोट उलटं निघालं. कंपनी असलेलं गाव बाद, कारण तिथे पुण्याची मुलं असणार. युनिव्हर्सिटी असलेलं बाद, तिथे तर असणारच. असं करत करत शेवटी आम्हाला एक गाव सापडलं, प्रादेशिक रेल्वेगाडीने तासाभरावर. नाव सांगत नाही. एक चर्च, एक बेकरी, दोन ब्रुअरी. बिअर सोडण्यासाठी माणूस दोन ब्रुअरींच्या गावी चाललाय यात काही विचित्र आहे असं आम्हा दोघांनाही तेव्हा वाटलं नाही. तिथे मराठी माणूस नव्हता, आमच्या दृष्टीने एवढं पुरे होतं. मंडळात सांगायला जर्मनच्या वरच्या परीक्षेच्या क्लासची थाप तयार ठेवली.

पहिल्या गुरुवारी मी नारळाच्या वड्या केल्या.

"हे काय?" मंदारने विचारलं.

"पहिल्यांदा जातोयस ना त्यांच्याकडे? हात हलवत जाणार का?"

"अगं, तिथे लोक दारू सोडायला येतात. हळदीकुंकवाला नाही."

"म्हणून काय झालं? तोंडात टाकायला काहीतरी लागेलच की."

मी वड्या माझ्या आत्याने लग्नात दिलेल्या स्टीलच्या डब्यात भरल्या, कारण घट्ट झाकणाचा तेवढा एकच. तो डबा घेऊन तो गाडीत बसला. परत आला तेव्हा रिकाम्या हाताने आला, पण चेहरा जरा सैल होता.

"कसं होतं?"

"खुर्च्या गोल मांडतात. कॉफी असते. फक्त पहिलं नाव सांगायचं. आडनाव नाही, काम नाही, काही नाही." मग म्हणाला, "मी फक्त मंदार होतो, अनघा. बरं वाटलं."

मला ते फार लागलं, चांगल्या अर्थाने. आपण पाळण्यात असल्यापासून कुणाचे तरी कुणीतरी असतो. अमक्यांचा मुलगा, तमक्यांचा जावई, एवढ्या मोठ्या कंपनीत असूनही नम्र. त्या गोल मांडलेल्या खुर्च्यांत त्याला पहिल्यांदाच कुणाची अब्रू सांभाळायची नव्हती.

"आणि डबा?"

"राहिला. संपल्या नव्हत्या वड्या. उटे म्हणाली, ठेव." उटे ही तिथली सगळ्यात जुनी बाई, ग्रुपची किल्ली तिच्याकडे.

पुढच्या गुरुवारी डबा विसरला. मी बोलायचं तेवढं बोलून घेतलं. नवऱ्याची दारू सुटतेय आणि ही बाई डब्यासाठी जीव टाकतेय, असं कुणालाही वाटलं असतं. पण खरं सांगू? मोठ्या भीतीच्या दिवसांत माणसाला कटकट करायला अशी एखादी छोटी गोष्ट लागते. डब्याचं काय करायचं ते मला माहीत होतं.

मग तो गुरुवार आला. बाहेर अजून लख्ख ऊन होतं, इकडे मे महिन्यात नऊ वाजले तरी दिवस मावळायचं नाव घेत नाही. मंदार आत आला, डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाला, "मी परत जाणार नाही."

"काय झालं?"

"ओळखीचं माणूस होतं."

"कोण?"

"ते सांगायचं नसतं. तिथलं तिथेच ठेवायचं."

एवढा घाबरलेला असतानाही त्याने नियम मोडला नाही. मला त्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला. मी डबा उचलला. तेव्हा मला झाकणावरची अक्षरं दिसली. रोजचा डबा असल्याने ती दिसायचीच बंद झाली होती. लग्नात भांडी देताना दुकानदार छोटं यंत्र घेऊन टर्रर्र करत त्यावर नाव घालतो, शेजारीपाजारी गेलेलं भांडं परत यावं म्हणून. आत्याने हौसेने पूर्ण ओळ घालून घेतली होती. "सौ. अनघा मंदार पाटणकर हिस, आत्याकडून सप्रेम."

म्हणजे ज्या खोलीत आडनाव सांगायचं नसतं, जिथे कुणी ओळखू नये म्हणून माझा नवरा तासभर प्रवास करून जात होता, तिथे मी त्याच्या हाती आमचं सगळं नावगाव स्टीलवर कोरून पाठवलं होतं! मी खुर्चीवर बसलेच.

आणि मग झाकण उघडलं. इथले लोक भांडं परत देतात ते स्वच्छ घासून, पुसून, कोरडं करून आणि रिकामं. त्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. पण आमच्या डब्यात कॉफीबरोबर मिळतात तशा साखरेच्या दोन छोट्या पुड्या होत्या. रिकामा डबा परत द्यायचा नाही म्हणून चिमूटभर साखर टाकून देणारं ते माणूस होतं. नाव मला कळलं नाही, पण ते माणूस माझ्या मंदारचं वाईट चिंतणारं नव्हतं, हे त्या पुड्यांवरून मला स्पष्ट कळलं.

मंदारला मी पुड्या दाखवल्या. तरीही तो "नाही जाणार" हेच म्हणाला. "जमेल मला एकट्याने."

हे वाक्य मी आधीही ऐकलं होतं. दवाखान्यात जायच्या आधी दोन वर्षं मी तेच ऐकत होते.

त्यात नेमका तो आठवडा जत्रेचा निघाला. फिंग्स्टनच्या, म्हणजे ईस्टरनंतर येणाऱ्या सणाच्या, सुट्टीच्या सुमाराला आमच्या गावात टेकडीवर बिअरची जत्रा भरते, जुन्या झाडांखाली बाकांच्या रांगा, मोठाले मग, पाळणे, भाजलेल्या बदामांचा वास. सगळं गाव तिकडे लोटतं. ऑफिसच्या ऑफिसं दुपारी बंद होतात आणि साहेबासकट टेकडी चढतात. न जाणाऱ्याला कारण द्यावं लागतं. मंदारने दाढ दुखत असल्याचं सांगितलं होतं. पण टेकडीवरचा बँड आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतो. दाढदुखीच्या सबबीने तो काही बंद होत नाही. मंदार घरात येरझाऱ्या घालायचा, खिडकी लावायचा, पुन्हा उघडायचा. मी श्पार्गेल सोलत बसायचे. त्या आठवड्यात आम्ही इतका श्पार्गेल खाल्ला की आमची लेक इरा म्हणाली, "ममा, निश्त शॉन वीडर!" पुन्हा तेच का, म्हणून. इराला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र जर्मनमध्येच येतं. घरात काय चाललंय हेही तिला बहुतेक सगळं कळत होतं.

गुरुवारी दुपारी बेल वाजली. दारात देवस्थळीकाका.

यांचं खरं नाव वेगळं आहे. या लेखाबद्दल विचारलं तेव्हा ते म्हणाले, "नाव बदल, बाकी लिही बिनधास्त." आमच्या मराठी मंडळात त्यांच्याशिवाय पान हलत नाही. गणपतीत आरती त्यांनी सुरू करायची, उशिरा येणाऱ्यांना त्यांनी झापायचं, टाळ कुणाच्या हाती द्यायचे ते त्यांनी ठरवायचं. दर गुरुवारी ते बाहेरगावी एका जर्मन कॉयरमध्ये गायला जातात, ही तर मंडळाची शान होती. हिवाळाभर ते आईच्या आजारपणासाठी सांगलीला होते. नुकतेच परतले होते.

"या, असं म्हणणार नाहीस का, अनघा?" ते म्हणाले. "वड्या उत्तम झाल्या होत्या असं ऐकलं. माझ्या वाट्याला एकही आली नाही."

मी नुसती बाजूला झाले. आतून मंदार आला आणि त्यांना बघून जागच्या जागी थांबला.

"बूट घाल," काका म्हणाले. "गाडी चुकेल."

"काका, मी..."

"ऐक. त्या दिवशी मी लवकर पोचलो होतो. उटेने डबा माझ्या हातात दिला. म्हणाली, तुमच्या लिपीतलं दिसतंय, वाच. मी वाचलं. आख्खं नाव, नवऱ्याच्या नावासकट. मी जॅकेट चढवलं, दारापर्यंत गेलोसुद्धा. कित्येक वर्षं जातोय मी तिथे, कुणाला पत्ता लागला नव्हता." त्यांनी दम घेतला. "मग वाटलं, आज मी पळालो तर पुन्हा इथे येणार नाही. आणि हा मला बघून पळाला तर हाही येणार नाही. म्हणून परत फिरलो आणि खुर्च्या मांडायला लागलो. आता तू घरी बसणार असशील तर मी उगाच मांडल्या."

मंदारने बूट घातले.

मी बाल्कनीत आले. आमच्या रस्त्याने लोकांचा लोंढा टेकडीकडे चालला होता. चामड्याच्या अर्ध्या चड्ड्या, चौकटीचे शर्ट, कॉलेजची पोरं, आजोबा, बाबागाड्या, सगळे एका दिशेने. आणि ते दोघे त्यांच्यातून वाट काढत उलटे, बानहोफकडे, म्हणजे स्टेशनाकडे. काका पुढे, मंदार मागे. समोरच्या बाल्कनीत कुलकर्णी उभे होते. त्यांनी वरूनच हाक घातली, "काय काका, जत्रा इकडे, तुम्ही तिकडे कुठे?"

"कॉयरला!" काका ओरडले. "हा पण येतोय आता गायला!"

मी बाल्कनीचा कठडा धरून हसले आणि मग रडले. दोन्ही एकदम होऊ शकतं हे मला तेव्हा कळलं. किती दिवस छातीवर ठेवलेला पाटा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला असं वाटत होतं.

पुढे दर गुरुवारी ते दोघे बरोबर जायला लागले. पहिल्यांदा म्हणे गाडीत समोरासमोर बसून अवघडून गेले. मग काकांनी विचारलं, "तुझ्या परीक्षेचं काय?" मंदार म्हणाला, "तुमच्या गाण्याचं काय?" आणि हसून हसून दोघांना धाप लागली. तिकीट तपासायला आलेली बाईही कशावर हसायचं ते न कळता हसली. काकांना सूर अजिबात लागत नाही हे तोवर आमच्या लक्षात यायला हरकत नव्हती. आरती म्हणताना ते ज्या पट्टीत सुरू करतात त्या पट्टीत कधीच संपवत नाहीत. पण कॉयरमध्ये गाणाऱ्या माणसावर शंका कोण घेणार!

हे सगळं लिहिताना वाटतं, फारच गोड लिहितेय का मी? तसं नाही. पुढे एका नोव्हेंबरात मंदारचा पाय घसरला. कामावर मोठी गडबड होती, अंधार चारलाच पडायचा, आणि एक दिवस तो बाटली घेऊन आला. त्या आठवड्यातही तो ग्रुपला गेला आणि सगळ्यांसमोर सांगितलं. घरी येऊन मलाही सांगितलं. मी भांडले, दोन दिवस बोलले नाही. पण त्या खुर्च्या होत्या म्हणून तो एकाच आठवड्यात उभा राहिला, हे मला माहीत आहे. पूर्वी तो तसाच कित्येक महिने पडून राहिला असता.

त्याच पहिल्या वर्षी, जूनच्या अखेरीला, श्पार्गेलचा शेवटचा आठवडा असताना, ग्रुपने घरच्यांना बोलावलं. वर्षातून एकदा बोलावतात. चर्चच्या मागच्या बागेत लांब टेबलं, बटाट्याचं सॅलड, श्पार्गेलच्या मोठ्या पराती, आणि एल्डर नावाच्या झुडपाच्या फुलांचं सरबत पाण्यात घालून. मी पुन्हा वड्या केल्या होत्या, यावेळी प्लॅस्टिकच्या डब्यात. काकांनी ते बघून कपाळाला हात लावला. "आता काय उपयोग?"

उटे माझ्या शेजारी येऊन बसली. सत्तरीची, आखूड पांढरे केस, बागकामाने खरबरीत झालेले हात. "आल्झो," ती म्हणाली, "मला एक कळत नाही. तुम्ही एर्लांगेनचे ना? तुमच्याकडे चांगला ग्रुप आहे, घरापासून जवळ. मग हे दोघे एवढ्या लांब का येतात?"

मी खरं ते सांगितलं. आमचे लोक, मंडळ, कुलकर्णी, तूरडाळ. सांगताना मलाच शरमल्यासारखं झालं, हे आमचं खास आपल्याकडचं वेड, हिला काय कळणार!

उटे इतकी मोठ्याने हसली की पलीकडची मुलं वळून बघायला लागली. तिने टेबलावरून नजर फिरवली. "तो हान्स, तो बांबर्गहून येतो. ती तिकडची दोघं आणखी लांबून. या गावातलं इथे कोण आहे सांगू? मी एकटी."

"आणि या गावातले बाकीचे?"

"ते?" उटे म्हणाली. "ते एर्लांगेनला जातात."

मंदारने आणि काकांनी एकमेकांकडे पाहिलं. मला तर वाटलं, आपण पहिल्यांदाच या देशात घरी आलोय. इतकी वर्षं मी समजत होते की या लोकांना कशाची फिकीर नसते, शेजाऱ्याला काय वाटेल हा रोग फक्त आपल्याला. आणि हे बघा! एका गाडीतून हे तिकडे आणि समोरून येणाऱ्या गाडीतून ते इकडे, सगळे आपापल्या कुलकर्ण्यांना चुकवत. माझ्या मनात फ्रँकन लोकांबद्दल त्या दिवशी जी माया उत्पन्न झाली ती अजून कमी झालेली नाही.

इरा धावत आली आणि उटेला विचारायला लागली की पापाला इथे आवडतं का. उटे म्हणाली, "गेनाऊ, अगदी तेच मी तुझ्या आईला विचारतेय."

त्यानंतर निर्णय आम्ही घेतला नाही, रेल्वेने घेतला. जुलैपासून त्या मार्गावर रुळांचं काम निघालं. गाडीऐवजी बस, बस बदलून दुसरी बस, आणि परतीची शेवटची बस पकडायची तर ग्रुप अर्धा सोडून उठायचं. काका म्हणाले, "आता एवढ्यासाठी मी सांगलीहून आलोय का?" आणि एका रविवारी चहा पिता पिता दोघांनी ठरवून टाकलं. चर्चच्या मागे. पाच मिनिटं.

त्या पहिल्या गुरुवारी मंदार खाली सायकलचं कुलूप काढत होता. मी वर खिडकीत. समोर कुलकर्णी झाडांना पाणी घालत होते. "काय पाटणकर," त्यांनी विचारलं, "कॉयरला का?"

मंदार सायकल धरून उभा राहिला. आता तो काय म्हणेल यावर सगळं होतं. आणखी एक थाप मारून तो चर्चच्या मागे गेला असता, तर पुढच्या गुरुवारी तिसरी लागली असती, आणि मग एक दिवस थापा मारायचा कंटाळा येऊन त्याचं जाणंच बंद झालं असतं. मी त्याला ओळखते.

"नाही हो," मंदार म्हणाला. "दारू सोडलीय मी. त्याचा ग्रुप असतो, इथेच चर्चमागे. तिकडे चाललोय."

कुलकर्ण्यांच्या झारीतून पाणी एकाच कुंडीत पडत राहिलं. मग ते म्हणाले, "बरं, बरं." थोडं थांबून, "ढग आलेत. जॅकेट घेतलंत का?"

"घेतलंय."

"मग या जाऊन."

झालं. इतकंच. ज्या प्रसंगाला चुकवायला आम्ही जर्मनीचा नकाशा पालथा घातला होता तो पुरता मिनिटभरही टिकला नाही. कुलकर्ण्यांनी पुढे कुणाला सांगितलं की नाही ते मला ठाऊक नाही. सांगितलं असेल. मंडळात एकदोघांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं, एकीने माझा हात दाबला, आणि गणपती नेहमीसारखाच बसला.

मंदार गेला आणि मी सोफ्यावर घड्या घालायचे कपडे घेऊन बसले. इरा तिच्या खोलीत होती. बाहेर पाऊस सुरू झाला, त्याचा पत्र्यावर बारीक आवाज. इतकी वर्षं तो घराबाहेर असला की माझे कान दाराशी जाऊन बसायचे. खालचं दार कसं लागलं, जिन्यात पावलं सरळ वाजतात की थांबत थांबत, किल्ली पहिल्या खेपेला लागते की दोनदा खरडते. तो आत यायच्या आधी मला सगळं कळलेलं असायचं. तोवर मी ना काही वाचू शकायचे, ना कुणाशी फोनवर धड बोलू शकायचे, आणि झोप तर विचारूच नका.

डोळे उघडले तेव्हा अंगावर पांघरूण होतं. कपड्यांच्या घड्या कुणीतरी घालून ठेवल्या होत्या. खिडकीत अजून उजेड होता, आणि घरात खिचडीच्या फोडणीचा वास. मंदार खुर्चीत बसून इराच्या सायकलचा दिवा दुरुस्त करत होता.

"कधी आलास?" मी विचारलं.

"झाला असेल तास. आम्ही दोघं जेवलोसुद्धा. तुला उठवावंसं वाटलं नाही, चक्क घोरत होतीस."

"मला ऐकूच आलं नाही," मी म्हणाले.

म्हणाले आणि तशीच बसून राहिले. मंदारने दिव्यावरून मान वर केली.

"काय ऐकू यायचं होतं?"

"काही नाही," मी म्हणाले आणि माझं ताट घ्यायला उठले.